दहा बाय दहाच्या खोलीतलं रेकॉर्डिंग: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

घरी गाणं रेकॉर्ड करायचं ठरलं की चौकशी सुरू होते ती लॅपटॉपपासून. किती रॅम लागेल, मॅकच हवा का, ग्राफिक्स कार्ड हवं का? खरं म्हणजे या सगळ्या साखळीत सर्वांत हलकं काम संगणकाचं असतं. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे ध्वनीचे सेकंदाला ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुना २४ बिटांचा घेतला तर, एका ट्रॅकला (एका आवाजाच्या वेगळ्या नोंदीला) सेकंदाला १,४४,००० बाइट लागतात, म्हणजे मिनिटाला ८.६४ एमबी. आठ ट्रॅक एकदम चालू केले तरी सेकंदाला सव्वा एमबीसुद्धा होत नाही. ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप हे ओझं आरामात उचलतो. त्यात फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवावी, बाकी काही बदलायची गरज नाही.

सॉफ्टवेअरवरही सुरुवातीला एक रुपया खर्च होऊ नये. मॅक किंवा आयफोन असेल तर गॅरेजबँड फुकटच मिळतं. लिनक्सवर आर्डर आहे. त्याच्या संकेतस्थळावरून तयार प्रत घेतली तर थोडे पैसे मागतात, पण डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांच्या भांडारातून ते विनामूल्य बसवता येतं. विंडोजवर आमची पसंती रीपरला. ते ६० दिवस कसलीही काटछाट न करता वापरून पाहता येतं आणि नंतर वैयक्तिक परवाना ६० डॉलरला, म्हणजे साधारण पाच हजार रुपयांना पडतो. इक्वलायझर (खालचे-वरचे स्वर कमीजास्त करणारा), कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबणारा) आणि गोंगाट कमी करणारं फिल्टर त्याच्यासोबतच येतं. ऑडॅसिटी एकट्या आवाजाला आणि कापाकापीला उत्तम आहे, पण ठेक्याच्या आवर्तनांवर पाच टेक घेऊन त्यातले चांगले तुकडे जोडायचे असतील तर रीपरमध्ये निम्मा वेळ लागतो. क्रॅक केलेल्या महागड्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊच नये. व्हायरसची भीती आहेच, शिवाय ऐन रेकॉर्डिंगमध्ये ते बंद पडलं तर दाद कोणाकडे मागणार?

पहिला खरा खर्च येतो ऑडिओ इंटरफेसचा. माइकचा क्षीण विद्युत संकेत वाढवून त्याचे आकडे करणारी ही छोटी पेटी यूएसबीने जोडायची असते. विकत घेताना डब्यावरचं ‘दोन इनपुट’ हे शब्द नीट तपासावेत. बेरिंगर यूएम२ किंवा फोकसराइट स्कार्लेट सोलो यांना माइकचं इनपुट एकच आहे. दुसरं असतं गिटार किंवा कीबोर्डसाठी. गाणं आणि पेटी (हार्मोनियम) एकाच वेळी दोन माइकवर घ्यायची असेल तर बेरिंगर यूएमसी२०२एचडी किंवा स्कार्लेट २आय२ असा दोन माइकचा इंटरफेस हवा. यूएम२ फक्त १६ बिटचं आहे म्हणून नाक मुरडण्याचं कारण नाही. शहरातल्या बंद खोलीतला गोंगाट ३५ डेसिबल आणि माइकजवळ गाणाऱ्याची सर्वांत मोठी फेक १०० डेसिबल धरली तर मधलं अंतर ६५ डेसिबलचं होतं. १६ बिटमध्ये ९६ मावतात. २४ बिटचा फायदा एवढाच की आवाजाची पातळी बिनधास्त खाली ठेवता येते, आणि हा फायदा मोठा आहे. रेकॉर्ड करताना मीटरची सर्वांत उंच उडी उणे १२ डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास राहू द्यावी. तार सप्तकातली एखादी तान शून्याच्या वर गेली की लहरीची टोकं कापली जातात आणि तो चरचराट नंतर कुठल्याही फिल्टरने पुरता जात नाही.

इंटरफेसबरोबर आणखी एक तक्रार हमखास येते: हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो. संगणक ध्वनी थेंबाथेंबाने न घेता गठ्ठ्याने घेतो, त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झवर २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे ५.३ मिलिसेकंद. एवढ्या वेळात ध्वनी हवेतून १.८ मीटर जातो, म्हणजे तबलजी सहा फुटांवर बसल्यासारखं. १०२४ नमुन्यांचा बफर ठेवला तर आत येताना २१ आणि बाहेर जाताना २१ मिलिसेकंद लागतात. मग गाणारा नकळत लय ओढायला लागतो. यावर बफर कमी करत जाणं हा उपाय बरेच जण करतात आणि मग जुना लॅपटॉप टिकटिक आवाज टाकायला लागतो. त्यापेक्षा इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर हे बटण दाबावं. माइकचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनला मिळतो आणि बफर खुशाल ५१२ किंवा १०२४ ठेवता येतो. मात्र सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग (आवाज परत ऐकवणं) बंद करायला विसरू नये, नाहीतर एकच आवाज दोनदा ऐकू येतो.

नवा ट्रॅक जुन्यावर बरोबर बसतो की नाही हे एकदा मोजून घ्यावं. इंटरफेसच्या आउटपुटमधून वायर काढून त्याच्याच लाइन इनपुटला लावा, टिक्‌टिक्‌चा ट्रॅक वाजवा आणि तो नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. जुनी आणि नवी टिक् पडद्यावर मोठ्या करून पाहिल्यावर मध्ये जेवढं अंतर दिसेल तेवढा आकडा रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओखाली रेकॉर्डिंगच्या पानावर भरता येतो. इंटरफेसला स्वतःचा ड्रायव्हर (संगणकाशी जोडणारं सॉफ्टवेअर) नसून आस्यो४ऑल हा सर्वसाधारण ड्रायव्हर वापरत असाल तर ही चाचणी टाळू नका. हेडफोन कान पूर्ण झाकणारा आणि वायरचाच घ्यावा. ब्लूटूथमध्ये शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात.

आता माइक. तो मुख्यतः दोन प्रकारचा: डायनॅमिक, ज्याला वीज लागत नाही, आणि कंडेन्सर, ज्याला ती लागते. ‘कंडेन्सर माइक घरातला सगळा गोंगाट ओढतो, डायनॅमिक ओढत नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. शुअरचा एसएम५८ एका पास्कल दाबाला १.८५ मिलिव्होल्ट देतो, ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० त्याच दाबाला १४.१ मिलिव्होल्ट देतो. म्हणजे कंडेन्सर साडेसात पट बोलका आहे, पण गाण्याला आणि पंख्याला सारखाच. दोघांमधलं प्रमाण ठरतं ते माइक तोंडापासून किती लांब आहे आणि तो कोणत्या बाजूने ऐकतो यावरून. डायनॅमिक माइक लोक ओठांजवळ धरतात म्हणून त्यात खोली कमी येते. अंतर दुप्पट केलं की सरळ येणारा आवाज ६ डीबीने उतरतो, खोलीत घुमणारा आवाज मात्र होता तिथेच राहतो.

निवड करताना म्हणून आधी गायकी पाहावी. पोवाडा, भारूड, खड्या आवाजातलं भजन असेल तर एसएम५८ किंवा त्याहून कितीतरी स्वस्त असलेला बेरिंगर एक्सएम८५०० भरपूर झाला. हळुवार भावगीत किंवा अंगाई असेल तर डायनॅमिक माइकला इंटरफेसचं गेन (माइकचा संकेत वाढवणारं बटण) शेवटपर्यंत फिरवावं लागतं आणि स्वस्त इंटरफेसचा सूसू आवाज वर येतो. तिथे कंडेन्सर बरा. त्याला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो, तो इंटरफेसवरच्या बटणाने मिळतो. ऑनलाइन हजार-दीड हजारात मिळणाऱ्या संचातला कंडेन्सर माइक, सोबत आलेल्या बारीक पिनच्या वायरने थेट लॅपटॉपला लावला की आवाज बारीक आणि खरखरीत येतो. लॅपटॉपचं भोक त्याला पाचेक व्होल्टच्या वर देऊच शकत नाही.

एवढं सगळं घेऊनही रेकॉर्डिंग ‘बाथरूममध्ये गायल्यासारखं’ येतं, कारण खोलीकडे कोणी पाहिलेलं नसतं. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये भिंती सिमेंटच्या, जमीन गुळगुळीत टाइल्सची. गाणारा मांडी घालून बसला, तोंड आणि माइक दोन्ही जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर आहेत असं धरू. माइक तोंडापासून ६० सेंटिमीटरवर असेल तर जमिनीवरून उसळून येणारा आवाज सरळ आवाजापेक्षा जेमतेम ८-९ डीबी खाली असतो आणि सुमारे ३ मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही मिसळून काही कंपनसंख्या एकमेकींना मारतात आणि गळा पोकळ वाटतो. माइक २५ सेंटिमीटरवर आणला की तोच पडसाद १६ डीबी खाली जातो. फुकटात मिळालेले हे सात-आठ डीबी आहेत. माइकखाली सतरंजीवर जाड गादी टाकली की काम झालं.

गोधड्या आणि गाद्या लावायच्या त्या गाणाऱ्याच्या पाठीमागे. बहुतेक जण माइकच्या मागच्या भिंतीवर लावतात. कार्डिऑइड, म्हणजे समोरून ऐकणारा, माइक मागून जवळजवळ बहिरा असतो. त्याचं तोंड गाणाऱ्याकडे आणि म्हणून गाणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीकडे असतं. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याकडे पाठ करून बसणं हा सर्वांत स्वस्त उपाय. गोधडी टांगणार असाल तर भिंतीला चिकटवू नका, दहा-पंधरा सेंटिमीटर पुढे टांगा, ती आणखी खालचे स्वर शोषते. अंड्यांचे ट्रे मात्र काढून टाका. त्या पातळ पुठ्ठ्यात शोषण्यासारखं काही नसतं.

खर्जाचं दुखणं गोधडीने बरं होत नाही. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. एवढ्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झची लहर अडकून उभी राहते, आणि खोली चौरस असली की दुसऱ्या जोडीतही तीच. तिची लांबी ६.१ मीटर, ती शोषायला दीड मीटर जाडीचा थर लागेल. डग्ग्याचा घुमारा याच भागाच्या आसपास असल्याने भिंतीजवळ तो बेसुमार फुगतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर नाहीसा होतो. म्हणून डग्गा मध्यावरही नको, कोपऱ्यातही नको. खोलीच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर बसावं आणि हेडफोन लावून अर्धा-अर्धा फूट सरकून पाहावं.

तबल्याच्या माइकची जागा हा तर वेगळाच विषय आहे. साध्या चामड्याच्या पडद्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत नसतात, म्हणून ढोलाला ठाम सूर लागत नाही. तबल्याच्या शाईचा (मधल्या काळ्या गोलाचा) भार ते उपस्वर ओढून जवळजवळ पटीत आणतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी हे १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. पण पडद्याचा प्रत्येक भाग प्रत्येक उपस्वरात सारखा हलत नाही, त्यामुळे माइक अगदी जवळ नेला तर तबल्याचा एक तुकडाच ऐकू येतो. चाटेवर (कडेच्या पट्ट्यावर) रोखला की ‘ना’ टणटणतो आणि बाकीचे बोल मागे पडतात. एकच माइक असेल तर वादकाच्या समोरच्या बाजूने, ४० सेंटिमीटर उंचीवर, तबला-डग्ग्याच्या मधोमध पण तबल्याकडे किंचित झुकवून सुरुवात करावी. ‘धा’मध्ये दोन्ही हात सारखे ऐकू येईपर्यंत पाच-पाच सेंटिमीटर सरकवत राहावं. दोन माइक लावले तर एकाची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून ऐका. ज्या स्थितीत डग्गा भरदार येतो ती योग्य.

पेटीला माइक वरून द्यावा, पट्ट्यांच्या बाजूने, अर्ध्या मीटरवर. भात्याच्या बाजूने दिला तर श्वास घेतल्यासारखी फुसफुस येते. रेकॉर्डिंगपूर्वी पेटीचा सा पाच सेकंद धरून ट्यूनरवर पाहा. जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या मापाला क्वचितच बरोबर बसतात. काळी दोन असली तरी ती दहा-पंधरा सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढी निघते. पेटी बदलता येत नाही, तानपुऱ्याचं अ‍ॅप तेवढंच चढवून घ्यावं. हे आधी राहिलं तर सगळे ट्रॅक झाल्यावर बेसूरपणा कुठून येतोय ते सापडत नाही.

विजेची घरघर आली तर ती ५० हर्ट्झची किंवा तिच्या पटीतली असते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घरघर थांबली तर दोष चार्जरच्या किंवा घराच्या अर्थिंगचा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर चालू असताना तर रेकॉर्डिंग करूच नये, त्याच्या चौकोनी लहरीतले उपस्वर सगळीकडे शिरतात. माइकची वायर दोन्हीकडे तीन पिनांची, म्हणजे बॅलन्स्डच हवी. पंखा आणि फ्रिज बंद.

मिश्रण करताना गळ्याला ८० हर्ट्झखाली कापावं, कॉम्प्रेशन २:१ किंवा ३:१ पुरेसं. शेवटची पातळी एकात्मिक उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणि शिखर उणे १ डीबी ठेवली की स्पॉटिफाय किंवा यूट्यूब फारशी ढवळाढवळ करत नाही. हे मोजायला यूलीनचं विनामूल्य मीटर आहे.

तबलजी दुसऱ्या गावी असेल आणि तिकडे फोनवर वाजवून पाठवणार असेल तर एक गोष्ट त्याला आधीच सांगून ठेवा: सुरुवातीला एक टाळी आणि शेवटच्या समेनंतर, ठेक्याच्याच लयीत, आणखी एक. प्रत्येक उपकरणाचं घड्याळ किंचित वेगळं चालतं. दहा लाखांत ५० इतका फरक असला तरी पाच मिनिटांच्या गाण्यात तो १५ मिलिसेकंदांचा होतो आणि शेवटचा अंतरा ठेक्यावरून घसरल्यासारखा वाटतो. पहिल्या टाळीवर ट्रॅक जुळवा, मग शेवटची टाळी जागेवर येईपर्यंत तुकडा ताणा. फोनच्या रेकॉर्डिंग अ‍ॅपमधली आपोआप आवाज वरखाली करणारी सोय त्यालाही बंद करायला लावा आणि फाइल एमपी३ न मागता डब्ल्यूएव्ही मागा. फाइलच्या नावातच पट्टी आणि लय लिहिलेली असली, जसं ‘तबला, काळी दोन, ९२’, म्हणजे वर्षभराने उघडली तरी परत मोजत बसावं लागत नाही.