मिरवणुकीतील वाद्यपथके ऐकणे (बेळगाव सीमाभाग)

गणेशविसर्जन, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि गावोगावच्या यात्रा यांत वाजणारी पथके रस्त्याच्या कडेला उभे राहून ऐकण्याची बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील रीत. तिकीट नसते, खुर्ची नसते, कार्यक्रमपत्रिका नसते. त्यामुळे जागा आणि वेळ निवडण्याचे काम श्रोत्यावरच येते. ते साधले तर वादन कानी पडते, नाहीतर नुसता गोंगाट. चालताना पथक फक्त ठेका धरून असते. रचलेले, बसवलेले वादन ते चौकात थांबल्यावर करते. म्हणून पथकामागे चालत राहण्यापेक्षा एक चौक धरून उभे राहणारा जास्त ऐकतो.

प्रसंग. महाराष्ट्र शासनाची शिवजयंती 19 फेब्रुवारीला असते. बेळगावात मात्र ती पारंपरिक तिथीने, वैशाख शुद्ध द्वितीयेला होते. त्यानंतरची चित्ररथ मिरवणूक संध्याकाळी नरगुंदकर भावे चौकातून निघते आणि पहाटेपर्यंत चालते. अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूक हुतात्मा चौकातून सुरू होऊन रामदेव गल्ली, समादेवी गल्ली, कॉलेज रोड, धर्मवीर संभाजी चौक, रामलिंग खिंड गल्ली, टिळक चौक अशी कपिलेश्वर तलावाकडे जाते व दुसऱ्या दिवशीपर्यंत लांबते. माघात रायबाग तालुक्यातील चिंचली येथे मायाक्का देवीच्या यात्रेत धनगरी ढोल ऐकायला मिळतात. 23 ते 25 ऑक्टोबरला होणाऱ्या कित्तूर उत्सवात व्यासपीठावरचे कार्यक्रम असतात, पण लोकवाद्ये जवळून ऐकायची तर तिथेही मिरवणूकच गाठावी.

पथकांचे प्रकार. सर्वांत जुना आणि आजही सर्वांत जिवंत मेळ म्हणजे हलगी, घुमके आणि कैताळ. कुस्तीच्या मैदानात वाजतो तोच हा मेळ. हलगी म्हणजे लाकडी किंवा लोखंडी कड्यावर ताणून बसवलेले शेळीचे कातडे. कडे धरलेल्या डाव्या हातात बारीक लांब काडी असते, उजव्या हातात आखूड जाड टिपरू. टिपरू मुख्य घाव घालते आणि काडी मधल्या जागा भरते. चांगला हलगीवाला ओळखायचा तो काडीवरून. लय वाढली की कच्च्या हाताची काडी आधी गळते आणि टिपरूच तेवढे ऐकू येत राहते. घुमके हे चर्मवाद्य खर्ज सांभाळते, कैताळाची पितळी झांज वरचा नाद देते.

झांजपथक आणि पुणेरी पद्धतीचे ढोल-ताशा पथक यांत वादकांची संख्या मोठी असते. ढोल कमरेला बांधून एका तोंडावर टिपरूचा टोल, दुसऱ्यावर हाताची थापी देतात. वादनाच्या ठरलेल्या रचनांना ‘हात’ म्हणतात. एका हातातून दुसऱ्यात जाण्याची सूचना ताशा देतो. बँजो पार्टीत हे काम पट्ट्या असलेल्या तंतुवाद्याकडे असते. हा बँजो अमेरिकी बँजोचा भाऊबंद नव्हे. जपानमध्ये 1912 साली नागोयात तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्यापासून तो आला. पट्ट्या दाबायच्या आणि नखीने तारा छेडायच्या. पिकअप (तारांचा नाद टिपणारे विजेचे साधन) बसवून तो अ‍ॅम्प्लिफायरला जोडतात आणि सोबत कीबोर्ड, ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), ढोल-ताशे घेतात. एकाच फेरीत मराठी भावगीत आणि कन्नड चित्रपटगीत सलग वाजणे इथे नित्याचे आहे, आणि दोन्हीला सारखीच दाद मिळते.

क्लॅरिनेट, ट्रंपेट, सॅक्सोफोन व साइड ड्रमचा ब्रास बँड आता मुख्यतः वरातीत दिसतो. बेळगाव 1922 पासून मराठा लाइट इन्फंट्रीच्या प्रशिक्षणाचे ठिकाण असल्याने लष्करी बँडची शिस्त मात्र इथल्या कानांना परिचित आहे. कन्नड भाषक गावांच्या मिरवणुकांत करडी मजल असते. त्यात करडी हे चर्मवाद्य, सनई आणि झांज असतात. सनईच्या ओळीला करडी बरोबरीने उत्तर देते. सवाल-जवाब ऐकण्याची आवड असलेल्याने हा मेळ चुकवू नये.

उभे कुठे राहावे. ध्वनी सेकंदाला साधारण 345 मीटर जातो. 35 मीटर लांबीचे ढोलपथक समोरून ऐकले तर शेवटच्या रांगेचा ठोका पहिल्या रांगेपेक्षा सेकंदाच्या एक दशांशाने उशिरा पोहोचतो. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते. म्हणजे हा फरक मात्रेचा पाचवा भाग झाला. कान तो लगेच पकडतो आणि वादन विस्कटलेले वाटते. दोष वादकांचा नसतो, जागेचा असतो. पथकाच्या मध्याशी, बाजूला 10 ते 15 मीटरवर उभे राहिले की दोन्ही टोकांचे अंतर सारखे होते आणि ठोका एकजीव येतो. वादकही याच कारणाने ताल कानाने न धरता पुढच्याच्या हाताच्या इशाऱ्याने धरतात. ताशे आणि ढोल यांचा मेळ पाहायचा असेल तर ताशांच्या रांगेजवळची बाजू घ्यावी.

रामलिंग खिंड गल्लीसारख्या अरुंद जागी दोन्हीकडच्या भिंतींवरून आवाज परततो. तिथे हलगी खुलते, कारण वादक थोडे आणि ठोका तुटक असतो. ढोलपथक मात्र एकमेकांत मिसळून जाते. ढोलासाठी धर्मवीर संभाजी चौकासारखी मोकळी जागा बरी. दोन मंडळांत अंतर कमी पडले की मागच्या डॉल्बीचा खर्ज पुढच्या हलगीला गिळून टाकतो. अशा वेळी जागा बदलून उपयोग नसतो, अंतर पडेपर्यंत थांबावे. पहिल्या तासाभरात वादक ताजे असतात. मध्यरात्रीनंतर मनगटे थकतात, लय नकळत वाढते आणि ‘हात’ आखूड होतात.

काय बिघडते. भाद्रपदातली दमट हवा हा हलगीचा वैरी. कातडे ओल धरते, सैल पडते आणि आवाज बसतो. मग गवताचा किंवा कागदाचा जाळ करून हलगी त्याच्यावर फिरवत शेकतात, मधूनमधून बोटाने टिचकी मारून स्वर पाहतात. कडेला जास्त आच लागली की कातडे तिथेच फाटते, म्हणून जाणता वादक ती एका जागी धरत नाही. रात्रीतून असे अनेकदा करावे लागते. कुठे जाळ दिसला तर तिथून हलू नये, कारण शेकल्यानंतरची पहिली काही मिनिटे हलगीचा आवाज सर्वांत खणखणीत असतो. कातड्याऐवजी बसवलेल्या फायबरच्या पानाला (पडद्याला) शेकावे लागत नाही, पावसातही ते टिकते. पण कातड्याची गोलाई त्याला नाही.

बँजोचे उलटे. वैशाखाच्या उन्हात पोलादी तारा तापून प्रसरण पावतात आणि स्वर उतरतो. कीबोर्ड मात्र आपल्या पट्टीत कायम राहतो, त्यामुळे दोघांत बेसूरपणा शिरतो. गाणे संपताच बँजोवाला खुंट्या पिळताना दिसला तर कारण हेच. जनरेटर मध्येच दमला तर बँजो आणि ऑक्टोपॅड गप्प होतात, ढोल-ताशे चालू राहतात.

कान आणि कायदा. कामाच्या ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या एका मापाप्रमाणे 85 डेसिबलला 8 तास सुरक्षित मानतात आणि दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 100 डेसिबलला ती 15 मिनिटांवर येते. ताशांच्या रांगेला खेटून किंवा डॉल्बीच्या भिंतीसमोर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मोकळ्यावर अंतर दुप्पट केले की एका ठिकाणाहून येणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो, तेव्हा चार पावले मागे सरणे हाच पहिला उपाय. फोमचे इअरप्लग पिळून बारीक करावेत, कान वर-मागे ओढून आत सारावेत आणि फुगेपर्यंत बोटाने धरावेत. नुसते टेकवलेले प्लग जवळजवळ निरुपयोगी असतात. कापसाचा बोळा पुरत नाही. लहान मुलांना कानावरून बसणारे इअरमफ घालावेत. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिवर्धकाला बंदी आहे. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते.

ध्वनिमुद्रण. मोबाइलच्या माइकमध्ये जवळच्या ताशाचा आवाज फाटतो आणि नंतर आवाज कमी करून ते दुरुस्त होत नाही. 15 ते 20 मीटर मागून, फोन छातीजवळ स्थिर धरून घेतलेले मुद्रण अधिक स्वच्छ येते. एक पूर्ण ‘हात’ सुरू होण्याआधीपासून तो संपेपर्यंत घ्यावा. ताशाची सूचना त्यात आली नाही तर पुढचा बदल कशामुळे झाला ते ऐकणाऱ्याला कळत नाही.