पार्श्वभूमी : ११० व्होल्टचं सामान, ५० सायकलची वीज

अमेरिकेतून कायमचं परत आलेल्या कुटुंबाचं सामान न्हावा शेवाला उतरतं. घोडबंदर रोडवर किंवा खारघरला नव्या फ्लॅटमध्ये खोकी उघडली जातात, आणि आठवड्याभरात घरातलं कुणीतरी इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन तिकडची उपकरणं इथल्या विजेवर चालवायला ‘कन्व्हर्टर’ मागतं. माझ्या मते या एका शब्दापायी जेवढी चांगली उपकरणं जळाली, तेवढी विजेच्या चढउतारांनीही जळाली नसतील.

मूळ भानगड जुनी आहे. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये घरांना वीज मिळू लागली, तेव्हा कार्बनच्या तारेचा दिवा शंभरेक व्होल्टला बरा टिकत असे, म्हणून ११० चा आकडा ठरला. पुढे युरोपने तांब्याचा खर्च वाचवायला दाब, म्हणजे व्होल्टचा आकडा, दुप्पट केला. अमेरिकेत तोवर घरोघरी ११० चे दिवे लागलेले, त्यामुळे ती तिथेच आसपास राहिली, आज १२० वर आहे. जपानने १०० धरला. त्यातही टोकियोने जर्मन जनित्रं घेतली ५० सायकलची आणि ओसाकाने अमेरिकन घेतली ६० ची. सायकल म्हणजे विजेच्या लाटेची सेकंदाला होणारी आवर्तनं, पट्टीवर ज्याला हर्ट्झ म्हणतात ते. तो देश आजही या बाबतीत दुभंगलेला आहे. आपल्याकडे ब्रिटिश वळण आलं : २४० व्होल्ट, ५० सायकल, गोल पिना.

ठाण्याच्या बाजूला परदेशी उपकरणांची पहिली मोठी लाट सत्तरच्या दशकात आखातातून आली. मुंब्रा, कौसा, राबोडी इथल्या घरांत टेपरेकॉर्डर, मिक्सर, इस्त्र्या येऊ लागल्या. दुबई-कुवेतचं सामान इथे पिन बदलली की चालायचं, कारण तिथेही २२०-२४० व्होल्ट आणि ५० सायकल. सौदीचं सामान मात्र अनेकदा १२७ व्होल्टचं, ६० सायकलचं असायचं. बाहेरून दोन्ही ‘गल्फचंच’. शेजारच्या घरातली इस्त्री नुसत्या पिनवर चालली म्हणून आपलीही लावायची, आणि फ्यूज उडायचा.

त्याच काळात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांमध्ये ही गोष्ट नीट ठाऊक होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अमेरिकन यंत्रावरची मोटर ४६० व्होल्ट, ६० सायकलची. तिला इथले ४१५ व्होल्ट, ५० सायकल दिले की दाब आणि सायकल यांचं प्रमाण जवळपास जुळतं आणि मोटर चालते, फक्त मिनिटाला १८०० फेऱ्यांच्या हिशेबाची मोटर १५०० च्या हिशेबाने फिरते. मेंटेनन्सवाले पुली बदलून वेग भरून काढत. रुळापलीकडे कारखान्यात जे ज्ञान फिटरच्या बोटांवर होतं, ते रुळाच्या अलीकडच्या बाजारातल्या काउंटरपर्यंत कधी पोचलंच नाही. काउंटरवर फक्त व्होल्ट विचारले जात. सायकल कुणी विचारत नसे.

आणि इथेच ‘कन्व्हर्टर’ हा शब्द घुसला. दुकानात या नावाखाली किमान तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली, चपट्या पिनेला गोल भोकात बसवणारा प्लास्टिकचा तुकडा. तो विजेला काहीच करत नाही, २३० आत तर २३० बाहेर. काही जण त्याला अ‍ॅडॅप्टर म्हणतात, पण लॅपटॉपच्या चार्जरलाही अ‍ॅडॅप्टरच म्हणतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. दुसरी, प्रवाशांसाठी विकली जाणारी हलकी डबी, जिच्यावर १६०० वॉट असं ठळक छापलेलं असतं. ती विजेच्या लाटेचा काही भाग कापून सरासरी दाब खाली आणते. हेअर ड्रायरच्या गरम तारेला ते पाच मिनिटं चालतं, इलेक्ट्रॉनिक वस्तूला किंवा मोटरला ती कापलेली लाट मारक ठरते. तिसरी वस्तू म्हणजे खरा स्टेप-डाऊन, म्हणजे दाब उतरवणारा, ट्रान्सफॉर्मर : लोखंडी कोर, त्याभोवती तांब्याच्या किंवा स्वस्तात अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचे वेढे म्हणजे वाइंडिंग, उचलताना हाताला जाणवणारं वजन.

या तिसऱ्यातही दोन जाती. स्वस्त तो बहुधा ऑटो ट्रान्सफॉर्मर, म्हणजे एकाच वाइंडिंगमधून मधूनच काढलेली तार. त्यात आतली आणि बाहेरची बाजू वेगळी झालेली नसते. खालचा सामाईक भाग तुटला तर ११० च्या सॉकेटवर जवळजवळ पूर्ण २३० येऊ शकतात. दोन वाइंडिंग वेगळी असलेला महाग आणि जड असतो, पण लहान मुलं असलेल्या घरात मी दुसरा कुठलाही सुचवणार नाही.

पण ट्रान्सफॉर्मर कितीही चांगला घेतला, तरी तो सायकल बदलत नाही. ५० आत, ५० बाहेर. माझ्या आत्याने १९९४ साली न्यू जर्सीहून लाल आकड्यांचं गजराचं घड्याळ आणलं होतं. नौपाड्याच्या घरात ते ट्रान्सफॉर्मरवर छान उजळलं आणि तासाला दहा मिनिटं मागे पडू लागलं. असली घड्याळं विजेच्या सायकली मोजून वेळ दाखवतात. साठच्या जागी पन्नास मिळाल्या की दिवसाला चार तास गेले. ज्यांनी ते विकलं, ज्यांनी ट्रान्सफॉर्मर विकला, कुणालाच कारण सांगता आलं नाही, आणि आत्याला वाटत राहिलं की आपण नादुरुस्त वस्तू आणली.

घड्याळ निदान जळत नाही. अमेरिकन मायक्रोवेव्हमधला जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टला ६० सायकलच्या हिशेबाने बांधलेला असतो. त्याच १२० वर ५० सायकल दिल्या तर त्याच्या कोरवर वीस टक्के जादा भार येतो. तो गुणगुणतो, तापतो. त्याला खरं तर १०० व्होल्टच द्यायला हवेत. जपानी वस्तूंचं उलट आहे : तिथली माणसं टोकियोहून ओसाकाला घर बदलतात, म्हणून बऱ्याच उपकरणांवर ५०/६० दोन्ही छापलेलं असतं. सायकलची चिंता मिटते, दाबाची वाढते. बाजारातला ट्रान्सफॉर्मर बहुधा २३० ला ११० देणारा. रात्री उशिरा लाइनवर २५० आले की तो १२० द्यायला लागतो, आणि १०० च्या जपानी राइस कुकरला चाळीस टक्क्यांहून जास्त उष्णता सोसावी लागते.

लाइनवर २५० कसे येतात, याचं उत्तर कागदावर आहे. १९५६ च्या नियमांत जाहीर दाबाच्या सहा टक्के वर-खाली मुभा होती, म्हणजे २४० वर २५४ पर्यंत. १९८३ साली आंतरराष्ट्रीय मानकाने २२० आणि २४० यांच्या मधला २३० हा आकडा निवडला. उपकरणांवरचे आकडे बदलले, आपले वायरमन मात्र आजही थ्री-फेजला २४० च्या जमान्यातलं चारशे पंधराच म्हणतात.

२००० नंतर ऐरोलीत, घणसोलीत आयटीची कार्यालयं वाढली आणि परतणारी कुटुंबंही. याच काळात चार्जर, लॅपटॉप, टीव्ही १०० ते २४० व्होल्ट आपोआप पचवू लागले. कॉम्प्युटरच्या पाठीवरचं ११५ की २३० ते निवडायचं लाल बटण, ११५ वर राहिलं की फटाका वाजवणारं, दिसेनासं झालं. त्यामुळे लोकांना सगळंच चालेल असं वाटू लागलं. सर्वांत जास्त नुकसान मी एका साध्या वस्तूत पाहिलं आहे : अमेरिकेहून आणलेला स्पाइक गार्डचा बोर्ड. लॅपटॉप २३० ला चालतो, म्हणून बोर्डही पिन बदलून लावला जातो, आणि त्याच्या आतला १२० च्या लाइनसाठी बसवलेला सुरक्षेचा भाग धूर काढत फुटतो. उष्णतेच्या उपकरणांचं गणित तर सरळ आहे. १२० व्होल्टचा १००० वॉटचा टोस्टर २३० ला साडेतीन हजारांवर वॉट ओढू पाहतो.

नौपाड्यातला ज्याच्याकडे मी जातो तो वाइंडिंगवाला आता भाव सांगण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर उपकरणाच्या मागच्या पट्टीचा फोटो मागवतो. स्टँड मिक्सर असेल तर लगेच हो म्हणतो, कारण त्यातली ब्रशवाली मोटर सायकलची पर्वा करत नाही. जपानी कुकरसाठी वाइंडिंगमधून १०० व्होल्टची वेगळी तार, म्हणजे टॅपिंग, काढून देतो. मायक्रोवेव्ह किंवा फ्रिज असेल आणि पट्टीवर फक्त ६० लिहिलेलं असेल, तर ऑर्डर घेत नाही.