दम्याचा पंप आणि त्यातलं स्टिरॉइड : भीती कुठून आली, खरी किती

डिसेंबरात निफाडचा पारा घसरला की नाशिकच्या छातीच्या डॉक्टरांकडे गर्दी वाढते. घरघर घेऊन आलेली शाळकरी मुलं, वर्षानुवर्षं विडी ओढलेले सिन्नरकडचे म्हातारे, आणि पेठ-सुरगाण्याच्या बायका, ज्यांनी विडीला हातही लावला नाही पण उभा जन्म चुलीपुढे काढला. यातल्या बऱ्याच जणांना पंप लिहून दिला जातो, आणि घरी गेल्यावर कुणीतरी सांगतंच, "त्यात स्टिरॉइड असतं, एकदा लागला की सुटत नाही."

या भीतीचं मूळ गोळ्यांमध्ये आहे. १९४८ साली अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं. अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली, आणि दोनच वर्षांत या संशोधनाला नोबेल मिळालं. दम्यातही औषध लागू पडलं. मग किंमत दिसू लागली : सुजलेला गोल चेहरा, ठिसूळ हाडं, मधुमेह, मोतीबिंदू. रोज गोळी घेतली तर शरीर मोडतं, सोडली तर श्वास कोंडतो. आपल्याकडे आजही काय मिसळलंय ते न लिहिलेल्या 'दम्याच्या पुड्या' मिळतात. त्यात हेच औषध असेल, तर रुग्णाला ते कळायचा मार्गच नसतो.

औषध थेट छातीत सोडावं ही कल्पना पन्नासच्या दशकातलीच. पण कॉर्टिसोनचा फवारा फसला, कारण ते यकृतात बदलल्यावरच काम करतं, श्वासनलिकेत पडून नाही. १९५६ साली मोजक्या मात्रेचा दाबाचा पंप बाजारात आला, तो श्वासनलिका तात्पुरती उघडणाऱ्या औषधांसाठी. साठच्या दशकात ब्रिटनमध्ये दम्याचे मृत्यू अचानक वाढले, आणि संशय आयसोप्रेनालिन या अशाच एका औषधाच्या जादा मात्रेच्या पंपांवर गेला. झटपट आराम मिळत होता, आतली सूज मात्र तशीच राहत होती.

वळण आलं १९७२ मध्ये. ग्लॅक्सो समूहातल्या ॲलन अँड हॅनबरीज कंपनीने त्वचेच्या मलमात वापरलं जाणारं बेक्लोमेटासोन हे स्टिरॉइड पंपात भरलं. (याच ग्लॅक्सोचा कारखाना पुढे आपल्या अंबडला उभा राहिला.) इंग्लंडमधल्या डर्बीचे डॉ. हॅरी मोरो ब्राऊन यांनी ते रुग्णांना दिलं. या माणसाची एक सवय मला फार मोलाची वाटते : रुग्णाचा बेडका ते स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. ज्यांच्या बेडक्यात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी भरपूर, त्यांना स्टिरॉइड लागू पडतं, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. असे रुग्ण निवडल्यामुळेच गुण ठळक दिसला, आणि अनेकांच्या गोळ्या बंद करता आल्या.

मात्रेचा हिशेब इथे करून पाहावा. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची १० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. पंपातून दिवसाला साधारण २०० ते ४०० मायक्रोग्रॅम जातं. दोन औषधं वेगळी, त्यामुळे ही तुलना ढोबळच. पण गोळी निमूट गिळायची आणि पंपाला घाबरायचं, हे उलटंच आहे.

पुढचा पुरावा भक्कम आहे. २००० साली कॅनडातल्या नोंदींवरून दिसलं की वर्षभरात स्टिरॉइडचा जितका एकेक पंप जास्त वापरला गेला, तितका दम्याने मरण्याचा धोका दर पंपामागे सुमारे २१ टक्क्यांनी घटला. औषध बंद केल्यावर पहिल्या तीन महिन्यांत मृत्यू वाढले. जगातले दम्याचे साधारण १३ टक्के रुग्ण भारतात आहेत, मृत्यू मात्र ४० टक्क्यांहून अधिक. स्टिरॉइडचा पंप न मिळणं किंवा बरं वाटताच सोडून देणं, हे त्यामागचं मोठं कारण आहे. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनाही सांगतात की नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर रुग्णाला ठेवू नये.

दम्यात या पंपाचे तोटे आहेत, पण झेपणारे. तोंडात पांढरी बुरशी, आवाज बसणं. स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची नळी) वापरला आणि नंतर चूळ भरून थुंकली तर हे बरंच टळतं. मुलांची उंची? बुडेसोनाइड हे श्वासावाटे घ्यायचं स्टिरॉइड घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली, असं २०१२ च्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. हे आईबापांना लपवू नये. रात्र रात्र उशाला टेकून बसणारं मूल त्यांनी पाहिलेलं असतं, ते नीट निर्णय घेतात.

गोंधळ झाला तो सीओपीडीत, म्हणजे धुराने फुफ्फुसं कायमची खराब होण्याच्या आजारात. दम्यातलं यश पाहून नव्वदच्या दशकात तेच पंप या रुग्णांनाही सर्रास दिले जाऊ लागले. मोरो ब्राऊन यांची बेडका तपासण्याची शिस्त मागे पडली. २००७ च्या 'टॉर्च' अभ्यासात सहा हजारांवर रुग्ण तीन वर्षं पाहिले गेले. स्टिरॉइड आणि श्वासनलिका उघडणारं औषध अशा जोडऔषधाच्या पंपाने आजार बळावण्याचे प्रसंग कमी झाले, मृत्यू मात्र ठामपणे कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही. आणि न्यूमोनिया वाढला : औषधाविना १२.३ टक्के, जोडपंपावर १९.६ टक्के. या अभ्यासातले सगळेच रुग्ण धूम्रपान करणारे किंवा पूर्वी केलेले होते. चुलीच्या धुराने होणाऱ्या आजाराकडे, पुण्याच्या डॉ. संदीप साळवींनी लंडनच्या पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून लक्ष वेधलं. सुरगाण्याच्या बाईचा आजार तेव्हा कुठे चर्चेत आला.

आता सीओपीडीच्या मार्गदर्शक सूचना पुन्हा इओसिनोफिलकडे वळल्या आहेत, फक्त बेडक्याऐवजी रक्तात. रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे ३०० किंवा अधिक असतील आणि आजार वारंवार बळावत असेल, तर स्टिरॉइडचा फायदा होण्याची शक्यता जास्त; १०० च्या खाली किंवा वारंवार न्यूमोनिया होत असेल, तर टाळलेलं बरं. ही साधी रक्ततपासणी आपल्या तालुक्याच्या लॅबमध्येही होते. आकडा मात्र डोळे झाकून वाचू नये, कारण पोटातल्या जंतांनीही तो चढतो. आणि स्टिरॉइडची मात्रा मोठी असेल तर क्षयाचा धोका वाढतो. म्हणून आदिवासी पाड्यांवरून आलेल्या रुग्णाला पंप देण्याआधी छातीचा एक्स-रे आणि बेडक्याची तपासणी व्हायला हवी.