लशीनंतरची कणकण आणि फ्लूचा ताप

“सिस्टर, मागल्या वर्षी सुई घेतली आणि त्याच रात्री ताप भरला की ओ. यंदा नको.” कोल्हापुरातील एका रुग्णालयात फ्लूच्या लसीकरणाच्या टेबलावर बसले असताना आमच्या वॉर्डातील एका मावशींनी फिनेलचा वास येणारे हात पदराला पुसत मला असे सांगितले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, कारण ताप खरोखरच आला होता. परंतु तो फ्लूचा नव्हता, आणि हा फरक कोणी नीट समजावून न सांगितल्यामुळे दरवर्षी कितीतरी मावशी, मामा, ब्रदर आणि डॉक्टरसुद्धा ही लस टाळतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दंडात दिल्या जाणाऱ्या ०.५ मिलीलिटर लशीत फ्लूचा मारलेला विषाणू किंवा त्याच्या प्रथिनांचे अंश असतात. मेलेल्या विषाणूची शरीरात वाढ होऊ शकत नाही, त्यामुळे या इंजेक्शनाने फ्लू होणे शक्यच नसते. (नाकात फवारायच्या लशीत मात्र जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो, ती वेगळी.) शरीर त्या अंशांची ओळख करून घेत असताना काहींना त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी कणकण येते, अंग दुखते आणि दंड ठणकतो. एक-दोन दिवसांत हे आपोआप ओसरते. काही अभ्यासांत निम्म्या लोकांना लस आणि निम्म्यांना नुसते मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन दिले गेले, तेव्हा दंडाचे दुखणे आणि लाली लस घेतलेल्यांमध्ये जास्त आढळली, पण ताप, अंगदुखी आणि खोकला दोन्हीकडे सारखाच होता. म्हणजे लशीनंतर आलेली प्रत्येक कणकण लशीमुळेच असते असेही नाही.

फ्लूचा ताप अंगावर येतो तो वेगळ्याच रीतीने. विषाणू शिरल्यापासून १ ते ४ दिवसांत, सकाळी धडधाकट असलेला माणूस दुपारपर्यंत हुडहुडी भरून आडवा होतो. कोरडा खोकला सुटतो, घसा धरतो, अंग मोडून येते. ताप ३-४ दिवस राहतो आणि थकवा त्यानंतरही दोन-दोन आठवडे सोडत नाही. साध्या सर्दीत नाक आधी वाहू लागते आणि ताप क्वचितच चढतो, म्हणून तिचा विचार येथे बाजूला ठेवते.

रुग्णालयात काम करणाऱ्यांसाठी खरा फरक याच्याही पुढचा आहे. लशीची कणकण आपल्यापुरतीच राहते, ती कोणाला लागत नाही. फ्लू मात्र लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासूनच पसरू लागतो आणि पुढे ५ ते ७ दिवस पसरत राहतो. म्हणजे ज्या दिवशी मावशी स्वतःला ठणठणीत समजून एखाद्या डायलिसिसच्या रुग्णाची चादर बदलत असतात, त्याच दिवशी विषाणू त्या रुग्णापर्यंत पोहोचलेला असू शकतो. मास्क आणि हात धुणे हवेच, पण ते दिवसभर प्रत्येक क्षणी पाळले जात नाही, हे आपण सगळेच जाणतो.

लशीचे संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. तेवढ्या अवधीत कोणाला फ्लू झालाच तर दोष लशीवर जातो. लस शंभर टक्के वाचवते असेही नाही. विषाणूशी तिचा मेळ चांगला बसलेल्या वर्षी ती धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. विषाणू रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये लशीची रचना नव्याने सुचवते. गेल्या वर्षीची लस यंदा पुरत नाही. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये वाढतो. ऐन गळीत हंगामात, जेव्हा ऊसतोडीच्या फडांवरून, कोकणातून आणि सीमाभागातून आलेल्या रुग्णांनी वॉर्ड भरलेले असतात, तेव्हा लस घ्यायला धावण्यात अर्थ नाही. ती त्याआधी घ्यावी.

लस घेतल्यावर १५ मिनिटे तेथेच बसावे, कारण तीव्र ॲलर्जी क्वचित येते, पण आली तर लवकर येते. ताप दोन दिवसांनंतरही उतरला नाही किंवा दम लागू लागला, तर “लशीचाच असेल” म्हणून थांबू नये. फ्लूवरील ऑसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास सर्वाधिक उपयोगी पडते.

मावशींना हे सगळे सांगितले, तेव्हा त्यांनी एकच विचारले, “मग दंड दुखला तर पोछा कोण मारणार?” त्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बुधवारी ड्यूटी सुटताना त्या आल्या, आणि सुई मी डाव्या दंडात दिली.