मुंबई–लंडन: हवेतला वेळ वेगळा, तिकिटावरचा वेगळा

मुंबई ते लंडनचे हीथ्रो हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे जवळपास ३,९०० नॉटिकल मैल. मोठे जेट विमान ताशी ९०० किलोमीटरने जाते. भागाकार केला की उत्तर येते आठ तास, आणि तिकिटावर असतात नऊच्या वर. कंपन्या थोडा वेळ वाढवून ठेवतात हे खरेच, पण एवढा फरक त्याने पडत नाही.

चाकांनी धावपट्टी सोडली की ती परत टेकेपर्यंतचा तो हवेतला वेळ. तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम. तो विमान गेटवरून मागे ढकलले की सुरू होतो आणि पलीकडच्या गेटवर थांबले की संपतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत; रांगेत पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. हीथ्रोला गर्दी असली तर विमान लंडनभोवतीच्या बोव्हिंगडन, लँबोर्न, ऑकम किंवा बिगिन यांपैकी एका ठिकाणी वर घिरट्या घालत राहते. ही मिनिटे मात्र हवेतल्या वेळेत धरली जातात.

मुळात ७,२०० हा आकडाच कागदावरचा. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांना जोडणारी सर्वांत जवळची रेषा म्हणजे बृहत्वृत्त; इथे ती बलुचिस्तान, इराण, कॉकेशस आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे, आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना आपले आकाश बंद केले. मग वळसा आलाच.

राहिला वारा. वरचे जेट प्रवाह, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्यांचे पट्टे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. सरासरी ताशी ६० किलोमीटरचा वारा धरा. जाताना जमिनीवरचा वेग ८४० होतो, ७,२०० किलोमीटरला ८ तास ३४ मिनिटे लागतात. येताना वेग ९६०, वेळ साडेसात तास. म्हणून परतीचा प्रवास तासाभराने लहान. हिवाळ्यात वारा जोरात असला की फरक आणखी वाढतो.

तिकिटावरची घड्याळे त्या त्या शहराची असतात. सकाळी ७ ला मुंबई, ११:३० ला लंडन, असे छापलेले असेल तर उन्हाळ्यात तो प्रवास नऊ तासांचा, कारण मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्या साडेचार तास मागे असते. हिवाळ्यात ते साडेपाच तास मागे, तेव्हा याच वेळांचा प्रवास दहा तासांचा.

उशीर मोजताना चाके केव्हा टेकली ते कोणी विचारत नाही. युरोपीय न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार, विमानाचा निदान एक दरवाजा उघडून प्रवाशांना उतरता येते ती पोहोचण्याची वेळ. लंडनहून निघालेले विमान कंपनीच्या चुकीने चार तास किंवा जास्त उशिरा मुंबईत पोहोचले, तर ब्रिटिश नियमाने ५२० पौंड भरपाई मागता येते. तेव्हा दरवाजा उघडल्याची वेळ मोबाइलवर टिपून ठेवा.