उदंचन: रात्रीचा पंप दिवसावर कसा आला

२०२३ हे वर्ष सह्याद्रीतल्या पंप स्टोरेजचे ठरले, म्हणजे सैल विजेवर पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज घ्यायची, अशा प्रकल्पांचे. जूनमध्ये सावित्री, काळू, केंगाडी आणि जालोंद या चार ठिकाणांसाठी मिळून ७,३५० मेगावॉटचा करार झाला. ऑगस्टमध्ये शिरवता व भिवपुरीसाठी २,८०० मेगावॉटचा झाला आणि डिसेंबरात राज्याचे स्वतंत्र धोरणही आले. बातम्यांमध्ये याला ‘नवे तंत्रज्ञान’ म्हणतात. तंत्र जुनेच आहे, ते वापरण्याची वेळ मात्र उलटी झाली आहे.

युरोपात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हे चालू आहे. आपल्याकडे पैठणला नाथसागराच्या पायथ्याशी १२ मेगावॉटचा संच ऐंशीच्या दशकात बसला, भिऱ्याला १५० मेगावॉटचा नव्वदच्या दशकात. पण महाराष्ट्रात हा विषय समजून घ्यायचा तर घाटघरपासूनच सुरुवात करायला हवी.

भंडारदऱ्याहून घाटघरला काजवे बघायला जाणारे पुष्कळ लोक या प्रकल्पाच्या वरच्या तलावाच्या काठावर उभे राहून फोटो काढतात आणि पुढे कोकणकड्याकडे जातात. संच चालू असला की काठचे दगड बघावेत. आत्ता सुकलेले, त्याखाली ओला पट्टा, त्याखाली पाणी. पावसाचा थेंब नसताना तलाव काही तासांत उतरतो आणि पुन्हा चढतो. खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याजवळ दुसरा तलाव आहे, आणि दोहोंमध्ये डोंगराच्या पोटात वीजघर. १२५ मेगावॉटचे दोन संच, एका दिशेने फिरले की वीज देतात, उलट फिरले की पाणी वर ढकलतात. पाण्याची उडी चारशे मीटरच्या आसपास. हजार लिटर पाणी एवढे खाली आले की साधारण एक युनिट वीज मिळते. तेच पाणी परत वर न्यायला सव्वा युनिटाहून जास्त लागते.

हा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला, तो भारनियमनाचा काळ होता. ज्यांनी त्या वर्षांत गावात संध्याकाळी कंदील लावून अभ्यास केला, त्यांना वेगळे सांगायला नको. तेव्हाचा हिशेब असा: कोळशाचे संच रात्री फार खाली आणता येत नाहीत, त्यामुळे मध्यरात्रीनंतर वीज थोडी सैल असते, आणि संध्याकाळी सहा ते दहा ती कुठेच पुरत नाही. म्हणून रात्री पंप, संध्याकाळी निर्मिती. सहा तास पूर्ण क्षमतेने चालला तर १५ लाख युनिट होतात. राज्याच्या तुटवड्यापुढे हे थोडेच होते, पण संच काही मिनिटांत चालू होत असल्याने वीजजाळ्याची पडलेली वारंवारिता (फ्रिक्वेन्सी) सावरायला ते मोलाचे होते.

मग सौर आले. २०२५ च्या जानेवारीत देशाची सौर क्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. शेतीच्या वाहिन्या सौरवर आणण्याची राज्याची योजना २०१७ पासून चालू आहे. आता सैल वीज दुपारी बारा-एकला असते आणि ताण सूर्य मावळल्यावर पडतो. पंपाची वेळ रात्रीवरून दुपारवर येते आहे. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतला विजेच्या बाबतीतला हा सर्वांत मोठा बदल, आणि त्याबद्दल सर्वांत कमी लिहिले गेले.

खरा गुंता शब्दात आहे. सरकारी कागदावर या प्रकाराला ‘उदंचन जलविद्युत’ म्हणतात. उदंचन म्हणजे पाणी वर काढणे, किंवा त्यासाठीचे भांडे. शब्द देखणा आहे, पण त्यात अर्धीच गोष्ट आहे. सांगली-साताऱ्याच्या माणसाला पाणी वर चढवणे म्हटले की ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजना आठवतात. तिथे उपसलेले पाणी शेतात मुरते. इथे ते कुठेच जात नाही, आहे तेच खाली-वर फिरते. त्यामुळे ‘आमच्या शिवारातून पाणी वर चालले, मग आम्हाला किती?’ हा प्रश्न रास्त असूनही उत्तर हाती लागत नाही. आणि ‘जलविद्युत’ हे जोडनाव तर दिशाभूलच करते. शंभर युनिट घालून पंचाहत्तर-ऐंशी परत देणारी यंत्रणा वीज निर्माण करत नाही, ती वीज राखून ठेवते.

ही केवळ भाषेची तक्रार नाही. पंपाला घेतलेली वीज हा ‘वापर’ मानला तर तिच्यावर ग्राहकाचे सगळे आकार लागतात, आणि तीच वीज संध्याकाळी विकताना पुन्हा लागतात. २०२२ च्या जानेवारीत केंद्राने स्पष्टीकरण काढले की साठवण हा वीजव्यवस्थेचाच भाग आहे. ती निर्मिती, पारेषण, वितरण यांच्याबरोबर किंवा स्वतंत्रपणेही उभारता येईल. त्याच वर्षाअखेर नियमांत बदल होऊन स्वतंत्र साठवणीला परवान्यातून मोकळीक मिळाली. करारांची रांग लागली ती यानंतर. हा निर्णय व्हायला हवाच होता, पण तो फक्त विजेच्या बाजूने विचार करून झाला.

कारण दुसरा शब्द आहे ‘नदीबाहेरचा’ प्रकल्प. नदी अडवत नाही म्हणून परिणाम कमी, असे त्यात गृहीत धरले जाते. घाटमाथ्यावर मात्र मोकळी सपाट जागा म्हणजे बहुतेकदा सडाच (उघड्या कातळाचे पठार), आणि पावसाळ्यात तिथे उगवणाऱ्या कितीतरी वनस्पती जगात दुसरीकडे नाहीत. ‘पाणी एकदाच भरायचे’ हेही पुरते खरे नाही. उन्हाळ्यात उडालेले पाणी दरवर्षी कुठून तरी आणावेच लागते.

या डोंगरात तलावावरून झालेला वाद काही पहिला नाही. खोपोलीचे वीजघर १९१५ चे, भिवपुरीचे १९२२ चे, भिऱ्याचे १९२७ चे. मुळशीचे धरण भिऱ्यासाठी बांधले आणि १९२१ मध्ये मावळातल्या शेतकऱ्यांनी जमिनीसाठी सत्याग्रह केला. ती शेते आज तलावाखाली आहेत. त्यांच्यावर साठलेले पाणी मुंबईच्या दिव्यांसाठी भिऱ्याला उतरते, आणि नव्वदच्या दशकापासून त्यातले काही पंपाने परत मुळशीत चढवले जाते.