डॉमिनिका की डॉमिनिकन रिपब्लिक? निवांत सुट्टीचं तिकीट काढण्याआधी

नकाशा समोर असेल तर या दोन देशांची गल्लत होणं अशक्य आहे. डॉमिनिकन रिपब्लिक म्हणजे कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला या मोठ्या बेटाचा पूर्वेकडचा भाग. पश्चिमेला हैती. क्षेत्रफळ 48 हजार चौरस किलोमीटरच्या वर, लोकसंख्या सुमारे 1 कोटी 10 लाख, भाषा स्पॅनिश. डॉमिनिका त्याच्या आग्नेयेला बरीच दूर, ग्वादलुप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मधोमध आहे. क्षेत्रफळ जेमतेम 750 चौरस किलोमीटर, लोकसंख्या 70 हजारांच्या आसपास, सरकारी भाषा इंग्रजी, तर गावागावांत फ्रेंचमधून घडलेली क्वेयॉल बोलली जाते. डॉमिनिकन रिपब्लिक 1844 मध्ये हैतीपासून वेगळा झाला, डॉमिनिका 1978 मध्ये ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाली.

घोळ होतो तो तिकिटाच्या संकेतस्थळावर. तिथे नकाशा नसतो, नावाची पहिली चार अक्षरं असतात. त्यात आणखी एक सापळा: ‘डीओएम’ ही तीन अक्षरं विमानतळाचा संकेत म्हणून डॉमिनिकाची आहेत, आणि देशाचा आंतरराष्ट्रीय संकेत म्हणून डॉमिनिकन रिपब्लिकची. म्हणून शहराचं नाव पाहायची सवय ठेवा. पुंता काना किंवा सांतो दोमिंगो दिसलं तर तो मोठा देश. डग्लस-चार्ल्स विमानतळ किंवा राजधानी रोसो दिसलं तर ते छोटं बेट.

क्रिकेट पाहणाऱ्यांना रोसो हे नाव ओळखीचं असेल. जुलै 2023 मध्ये तिथल्या विंडसर पार्कवर यशस्वी जयस्वालने कसोटी पदार्पणातच 171 धावा केल्या होत्या, दुसऱ्या बाजूने रोहित शर्माने 103. मुंबईच्या या दोन सलामीवीरांनी 229 धावांची भागी रचली ती या डॉमिनिकात. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये तेवढं वेड बेसबॉलचं आहे.

आता मुद्द्याचं. निवांतपणा हवा म्हणजे नेमकं काय हवं, हे ठरवल्याशिवाय या दोघांतून निवड करता येत नाही.

पांढरी वाळू, वाकलेली नारळाची झाडं, गुडघाभर निळं पाणी आणि दिवसभर काही न करणं, हे चित्र मनात असेल तर ते डॉमिनिकन रिपब्लिकच्या पूर्व किनाऱ्यावर मिळतं. पुंता काना आणि बावारोच्या पट्ट्यात राहणं, खाणं-पिणं, खुर्च्या, छत्र्या सगळं एकाच दरात देणारी मोठमोठी रिसॉर्ट आहेत. लहान मुलं किंवा वयस्कर आईवडील सोबत असतील तर ही सोय खरोखर मोलाची आहे, तिला नावं ठेवू नयेत. मात्र हा कॅरिबियनमधला सगळ्यात जास्त पर्यटक येणारा देश आहे, तिथे एकांत मिळेल अशी आशा धरू नका. गर्दी टाळायची असेल तर ईशान्येच्या सामाना द्वीपकल्पाकडे जा. जानेवारी ते मार्च तिथल्या उपसागरात कुबड देवमासे विणीसाठी येतात. नैऋत्य टोकाला हैतीच्या सीमेजवळ बाईया दे लास आगिलास हा किनारा आहे, राष्ट्रीय उद्यानातला, जवळपास रिकामा. आणि सांतो दोमिंगोला एक दिवस द्याच. 1496 मध्ये वसवलेली ही वस्ती म्हणजे अमेरिका खंडातलं युरोपीयांचं सर्वांत जुनं टिकून राहिलेलं शहर, आणि तिचा जुना भाग जागतिक वारसा यादीत आहे.

डॉमिनिकाला मात्र किनाऱ्यासाठी जाऊ नका. हे आधीच सांगायला हवं, कारण ‘कॅरिबियन बेट’ एवढंच ऐकून गेलेला माणूस तिथे हमखास हिरमुसतो. बेट ज्वालामुखींनी घडवलेलं आहे, त्यामुळे बहुतेक किनाऱ्यांवर काळी किंवा करडी वाळू. उत्तरेला बॅटिबूसारखे सोनेरी वाळूचे एक-दोन सुंदर किनारे आहेत, पण त्यांच्या भरवशावर आठवडा काढता येणार नाही. इथला आराम डोंगरात आहे, पाण्यात आहे, पावसात आहे. मॉर्न डायब्लोटिन्स हे शिखर 1447 मीटर उंच, म्हणजे इतक्या चिमुकल्या बेटावर समुद्रापासून थोड्याच अंतरावर ढगांतलं जंगल सुरू होतं.

रोसोपासून थोड्या वेळात गाडीने वॉटन वेव्हन गावात पोचता येतं. जमिनीतून वाफ येते, हवेत गंधकाचा वास असतो आणि गरम पाण्याची कुंडं झाडीत बांधून काढलेली आहेत. वरून पाऊस पडत असताना त्या पाण्यात तासभर बसणं, हे या बेटाचं खरं दान आहे असं मला वाटतं. जवळच ट्रॅफल्गारचे जुळे धबधबे. रोसोच्या दक्षिणेला शॅम्पेन रीफवर समुद्राच्या तळातून ज्वालामुखीचे वायू बुडबुड्यांच्या माळा होऊन वर येतात, आणि पोहणारा त्यांच्यामधून तरंगत जातो. उत्तरेला पोर्ट्समथजवळच्या इंडियन नदीत वल्ह्याच्या होडीने जायचं. इंजिनाला बंदी असल्यामुळे दोन्ही काठांवरच्या झाडांची फळ्यांसारखी पसरलेली मुळं बघत संथ जाता येतं. ज्यांच्या पायात बळ आहे त्यांनी उकळत्या सरोवराची वाट धरावी. मॉर्न त्र्वा पितों राष्ट्रीय उद्यानातलं सुमारे 60 मीटर रुंदीचं हे सरोवर खरोखरच खदखदत असतं. जाऊन-येऊन सहा तासांच्या आसपास लागतात, आणि वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊ नये. ही चाल आरामाची नाही, म्हणून ती सहलीच्या पहिल्या दिवशी ठेवू नका.

समुद्रातही बघण्यासारखं आहे. स्पर्म व्हेल जातीचे देवमासे या बेटाच्या पश्चिमेला वर्षभर राहतात, कारण किनाऱ्याजवळच समुद्र खोल होतो. 2023 मध्ये सरकारने त्यांच्यासाठी सुमारे 800 चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र जाहीर केलं. देशाच्या जमिनीपेक्षाही ते मोठं आहे.

पूर्व किनाऱ्यावर कालिनागो लोकांचा प्रदेश आहे, 1903 मध्ये ब्रिटिशांनी मर्यादा आखून दिलेला. कोलंबस येण्याआधीपासून हे लोक या बेटांवर राहत आले. बहुतेक बेटांवरून ते संपले, इथे टिकले. 2023 मध्ये त्यांच्यातल्याच सिल्व्हॅनी बर्टन देशाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. तिथे थांबून टोपल्या विणणाऱ्यांकडून थेट खरेदी करा. हा पैसा त्याच घरांत राहतो, आणि सप्टेंबर 2017 च्या मारिया चक्रीवादळाने बहुतेक घरांची छपरं उडवल्यानंतर ज्यांनी सगळं पुन्हा उभं केलं त्यांच्यापर्यंत पोचतो.

जेवणाचा प्रश्न मराठी माणूस विचारणारच. डॉमिनिकात कॅलालू हे सूप डॅशीनच्या पानांचं, म्हणजे आपल्या अळूचंच, नारळाच्या दुधात शिजवलेलं असतं. त्यात अनेकदा खेकडा असतो, तेव्हा शाकाहारी असाल तर आधी विचारा. नीरफणस, केळी, रताळी भरपूर. रास्ताफारी पंथाच्या मंडळींच्या ‘इटल’ खाणावळीत मांस नसतं. डॉमिनिकन रिपब्लिकमधलं रोजचं जेवण भात, लाल राजमा आणि मांस, पण मोठ्या रिसॉर्टच्या बुफेत शाकाहारी माणसाचं सहज भागतं.

व्हिसाच्या बाबतीत उलटंच चित्र आहे. ज्या देशात पोचणं अवघड, तिथे भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा लागत नाही: तो देश डॉमिनिका. डॉमिनिकन रिपब्लिकला व्हिसा लागतो, मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बहुतेक देशांसाठी चालणारा) वैध व्हिसा हातात असेल तर बहुधा त्यावर प्रवेश मिळतो. युरोपातल्या मोठ्या शहरांतून पुंता कानाला थेट विमानं आहेत. डॉमिनिकाच्या धावपट्टीवर मोठी विमानं उतरत नाहीत, म्हणून मायामी, बार्बाडोस किंवा अँटिगा अशा ठिकाणी विमान बदलावं लागतं, आणि वाटेतल्या देशाचा व्हिसा हीच खरी अडचण ठरते. बार्बाडोसलाही भारतीयांना व्हिसा लागत नाही, तेव्हा लंडनमार्गे बार्बाडोस हा मार्ग तपासून पाहा. लंडनचा ट्रान्झिट व्हिसा मात्र वेगळा बघावा लागेल. पॅरिसहून ग्वादलुपला जाऊन तिथून फेरीबोट पकडायची कल्पना आकर्षक आहे, पण ग्वादलुप फ्रान्सचं असूनही शेंगेन क्षेत्रात येत नाही आणि साधा शेंगेन व्हिसा तिथे पुरत नाही. नियम बदलत असतात, पैसे भरण्याआधी दूतावासाचं पान पाहावं.

वादळांचा काळ दोन्हीकडे जून ते नोव्हेंबर. डिसेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम, तरी डॉमिनिकाच्या डोंगरात कोणत्याही दिवशी पाऊस येतो, तेव्हा रेनकोट आणि न घसरणारे बूट सोबत हवेतच. विमानतळ ईशान्येला आणि रोसो नैऋत्येला, मधला वळणावळणाचा रस्ता तासाभराहून जास्त खातो. म्हणून तीन-चार दिवसांसाठी तिथे जाण्यात अर्थ नाही, आठवडा तरी हाताशी ठेवा. अर्धे दिवस रोसोच्या बाजूला आणि अर्धे पोर्ट्समथकडे मुक्काम केला तर गाडीतला वेळ वाचतो. क्रूझ जहाजं रोसोला लागतात त्या दिवशी ट्रॅफल्गारला गर्दी उसळते. जहाजांचं वेळापत्रक आधीच जाहीर झालेलं असतं, ते बघून त्या दिवशी उत्तरेकडे जा.